पहाटे बंद पडणारा डोंगर

गावातली सत्तरी ओलांडलेली माणसंही तिला वहिनी म्हणत. खरं तर ती एकाचीच वहिनी होती. सुरुवातीच्या दिवसांत ती आणि तिचा धाकटा दीर असे दोघेच घरोघरी अँटेना लावत हिंडायचे. ती शिडीवर, तो खाली. खालून त्याचा घोष चालू असायचा, "वहिनी, पाना घे. वहिनी, तार सोड. वहिनी, मांजर आहे, सांभाळ." ते ऐकून गिऱ्हाइकंही वहिनी म्हणायला लागली, आणि हवेतून घरात येणाऱ्या त्या इंटरनेटला ‘वहिनीचं नेट’ हे नाव पडलं. दारावरच्या पाटीवर दुसरंच काहीतरी भारदस्त लिहिलेलं होतं. ते कुणी वाचत नसे.

वहिनीला राग येतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तो आधी तिच्या हातात यायचा. ती बोलायची थांबायची आणि जो काही स्क्रू समोर असेल तो पिळायला लागायची. मग तो तोंडात यायचा. दिराला ती कितीही संतापली तरी ‘तुम्ही’च म्हणायची, आणि तेच त्याला जास्त झोंबायचं. "भाऊजी, तुम्ही अक्कल कुठे ठेवून आलात?" यातल्या ‘तुम्ही’ला उलटून काय बोलणार?

तिच्या वडिलांचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे उंच स्टुलावर बसून ती एक गोष्ट शिकली होती, की कुठलंही यंत्र उघडण्याआधी ते खातं किती ते बघायचं. ते करतं काय, हे नंतर. लग्न होऊन आली, नेटचा धंदा सुरू केला, तरी तिची हीच रीत राहिली. दुकानदार नव्या यंत्राचा वेग सांगायचा, पल्ला सांगायचा. वहिनी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची. "ह्याची भूक किती?"

घरात, गच्चीवर, जिथे भिंतीत वीज आहे तिथे भुकेचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते डोंगरावर. गाव आणि पलीकडची वस्ती यांच्या मधोमध तो डोंगर आडवा पडला होता, त्यामुळे गावातून फेकलेलं नेट वस्तीला दिसायचंच नाही. म्हणून वहिनीनं माथ्यावर एक लोखंडी खांब उभा केला होता. त्यावर दोन छोटे रेडिओ, गाण्याचे नव्हे, नेटचे: एक गावाकडून झेलणारा, दुसरा वस्तीकडे फेकणारा. खाली दोन सौर पत्रे आणि लोखंडी पेटीत दोन बॅटऱ्या. बॅटरीतून निघालेली वीज जशीच्या तशी रेडिओत जायची, मधे कुणी नाही. फक्त एक कटऑफचा डबा होता. बॅटरी फार खाली गेली की तो रेडिओची वीज तोडायचा, म्हणजे रेडिओ बंद पडायचे पण बॅटरी वाचायची. चार ढगाळ दिवस ओळीनं आले तरी ते दोन रेडिओ चालत. लोक त्या खांबाला हसायचे. कपडे वाळत घालायला रोवल्यासारखा दिसतो म्हणायचे. दीरही हसायचा.

मग वहिनीच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि ती माहेरी गेली. परत येईपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात डोंगर पहाटे मरायला लागला.

दिवसभर ठीक. संध्याकाळी तर पूर्वीपेक्षा जोरात. आणि उजाडण्याच्या जरा आधी, नेमकं तेव्हाच, वस्तीतलं सगळं बंद. बाकीच्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, ते झोपलेले असत. वाटलं ते शिकवणीबाईला. ही वस्तीच्या टोकाच्या घरात राहून दूरदेशीच्या मुलांना गणित शिकवायची. त्यांची संध्याकाळ म्हणजे हिची पहाट. तिचं सगळं घर त्या पहाटेच्या तासांवर चालायचं. वस्तीत वहिनीचं नेट पोचलं होतं तेही तिनेच दारोदार सांगितल्यामुळे.

तिचा पहिला फोन वहिनीला माहेरी, आईच्या डोळ्यात औषध घालताना आला. मग रोज यायला लागला. वहिनी तिकडून दिराला फोन करायची, तो म्हणायचा, "बघतो." नवऱ्याला करायची, तो म्हणायचा, "तो बघतोय." नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. सरळ, अबोल माणूस. धंद्यात त्याचा वाटा एवढाच, की दोघं भांडली की तो उठून पाणी प्यायला जायचा. एकदा वहिनीनं त्याला फोनवर असं काही धारेवर धरलं, की शेजारच्या खाटेवरची आई डोळ्याची पट्टी सांभाळत म्हणाली, "अगं, जावई आहे तो!"

परत आल्यावर वहिनीनं पिशवीही खाली ठेवली नाही. जिन्याखालची खोली म्हणजे त्यांचं ऑफिस. तिथे तारांच्या भेंडोळ्यांवर एक खोकं होतं आणि खोक्यात डोंगरावरचे ते दोन छोटे रेडिओ होते.

"हे इथे काय करताहेत?"

दीर खुर्चीत बसला होता तो उभा राहिला. "वहिनी, आधी चहा घे."

"भाऊजी, हे इथे आहेत तर वर काय आहे?"

वर काय आहे ते त्यानं हौसेनं मोबाइलवर दाखवलं. खांबावर परातीएवढी अँटेना. पेटीशेजारी आणखी एक मोठी पेटी, तिच्यात एक काळं धूड, दोन पंखे, निळ्या दिव्यांची रांग.

"मोठमोठ्या हॉटेलांत हेच बसवतात," दीर म्हणाला. "पाचशे गिऱ्हाइकं झेलतं."

"वस्तीत पाचशे माणसं तरी आहेत का? आणि दिवे कुणाला दाखवताय तिथे? सरड्यांना?"

"दिवे येतातच त्याला, वहिनी."

"आणि हे घरच्या विजेवर चालतं. मग वर वीज कुठून आणलीत?"

"इन्व्हर्टर लावला."

टेबलावर एका जुन्या डब्याचं झाकण होतं, त्याचा स्क्रू वहिनी पिळायला लागली. दिराच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

"म्हणजे बॅटरीची वीज आधी इन्व्हर्टरमध्ये चढवायची, घरच्यासारखी करायची. मग अडॅप्टरमधून पुन्हा उतरवून बॅटरीसारखी करायची. आणि मग यंत्राला द्यायची. भाऊजी, अंगणातल्या विहिरीचं पाणी पंपानं गच्चीवर चढवून, नळानं खाली आणून, त्याच अंगणात बादली भरणारा माणूस मी आज पाहिला. वाटेत जी गळती होते तिचं काय? इन्व्हर्टर नुसता बसून खातो त्याचं काय? पंखे कुणाच्या जिवावर फिरतात? डोंगरावर ताट वाढायला दिवसातून एकदाच कुणीतरी येतं, तो सूर्य. तुम्ही त्या घरात हत्ती नेऊन बांधलात!"

"संध्याकाळी छान चालतं, विचार कुणालाही."

"आणि पहाटे हत्ती उपाशी मरतो. चला, शिडी घ्या, आणि हे खोकंही."

डोंगर चढताना ती पुढे आणि तो मागे. एरवी वाटेत तो गिऱ्हाइकांच्या नकला करायचा आणि तिला दम लागेपर्यंत हसवायचा. आज नुसते दगड सरकल्याचे आवाज. मधल्या सपाटीवर त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. तिनं ती घेतली, प्यायली, झाकण लावलं आणि त्याच्याकडे न बघता परत दिली. न बोलता ती जेवढं बोलत होती तेवढं तिनं खाली तोंडानंही सुनावलं नव्हतं.

माथ्यावर आल्यावर वहिनीनं बॅटऱ्यांची पेटी उघडली आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली. बॅटऱ्यांची पोटं फुगली होती. टेस्टर लावला तर आकडा इतका खाली, की तिनं टेस्टरच झटकून पाहिला. एवढं ऊन असून त्या काही घेत नव्हत्या. रिकाम्या झाल्या असत्या तर पुन्हा भरल्या असत्या. ह्या पिळून पिळून संपवल्या होत्या. पण कटऑफ असताना एवढं खाली जाईलच कसं?

मग तिला दिसलं. कटऑफचा डबा होता जागच्या जागी, पण त्याच्यातून काही जातच नव्हतं. इन्व्हर्टरची तार त्याला वळसा घालून थेट बॅटरीला जोडली होती. आणि इन्व्हर्टरला बॅटरी खाली गेली की ओरडण्यासाठी जो बारीक भोंगा असतो, त्याच्या भोकात कापूस कोंबला होता.

"भाऊजी!" तिचा आवाज एवढा चढला, की खालच्या झुडपातून दोन पाखरं उडाली. "ओरडणाऱ्याचं तोंड दाबलंत? पहारेकऱ्याला बाजूला सारलंत? बॅटऱ्यांना मारायला निघाला होतात की काय?"

"हे मी नाही केलं."

"मग भुतानं केलं?"

वहिनी पुन्हा खाली वाकली. तारेचा सांधा चिकटपट्टीनं गुंडाळलेला नव्हता. त्याच्यावर मेणाचा जाड पांढरा दोरा होता, एकाशेजारी एक वेढे, शेवटची गाठ आत दडवलेली. असा दोरा गावात एकाच ठिकाणी वापरत. पुस्तकांच्या पाठी शिवायला.

तिनं फोन लावला. "अहो. डोंगरावर तुम्ही आला होतात?"

पलीकडून छापखान्याच्या यंत्राचा धडधडाट आणि मग नवऱ्याचा आवाज. "आलो होतो."

"डायरेक्ट जोडलंत?"

"तो डबा पहाटे तोडत होता. त्याला वळसा घातला की तासभर जास्त चालत होतं."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

यंत्राचा आवाज दूर गेला. तो बाहेर येऊन उभा राहिला असावा. "तूच. फोनवर म्हणालीस, काहीही करा, पण पहाटेचा तास बुडता कामा नये. मी काहीही केलं."

वहिनीला आठवलं. बोलली होती ती. आईच्या खाटेशी उभी राहून, दात आवळून, हेच शब्द बोलली होती. काय करायचं ते मात्र सांगितलं नव्हतं. समोरच्याला ते आपोआप कळायला हवं, असं तिला रागात नेहमी वाटायचं.

"आणि कापूस?"

"वाजत होता," नवरा म्हणाला.

"ऑफिसातल्या दोन बॅटऱ्या काढा आणि वर घेऊन या. आत्ता."

"दोन्ही? मी एकटा?"

"डायरेक्ट जोडताना एकटेच होतात ना?" असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि दिराकडे वळली. "तुम्ही काय बघताय? जा, अर्ध्या वाटेत तरी एक उचला. माणूस पुस्तकं उचलणारा आहे."

दीर उतरून गेल्यावर माथ्यावर ती एकटीच उरली. खाली वस्तीची छपरं उन्हात पसरली होती. प्रत्येक छपरावर तिनंच लावलेला एकेक छोटा पांढरा डबा, सगळ्यांची तोंडं ह्या खांबाकडे. कुठला डबा कुठल्या शिडीवरून लावला, कुठल्या कौलावरून पाय घसरला होता, हे तिला सगळं आठवत होतं. बॅटऱ्या मेल्या होत्या आणि सगळी वस्ती एका मुक्या खांबाकडे तोंड करून बसली होती. तिला रडू आलं नाही. तिला कुणाला तरी फोडून काढावंसं वाटलं, आणि कुणाला ते नीट ठरेना.

तेवढ्यात शिकवणीबाईचा फोन आला.

"वहिनी, आलात ऐकलं. आता तर दिवसाही बंद आहे."

"माथ्यावरच आहे. काम चालू आहे."

"मी स्पष्टच सांगते. दोन मुलांच्या पालकांनी कालच शिकवणी बंद केली. उद्या दुपारी त्या मोठ्या कंपनीचा माणूस येतोय, जमिनीतून तार टाकतो म्हणतोय. उद्या पहाटे तास झाला नाही तर मी त्याला हो म्हणणार. आणि मी घेतली की सगळी वस्ती घेईल, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"हे तुमच्या भाऊजींचंच काम ना? मला वाटलंच होतं. नुसती बडबड. खरं सांगू? त्यांना धंद्यातून काढा, सुटाल."

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. गेला तासभर मनातल्या मनात ती स्वतः हेच म्हणत होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते तिला मुळीच सोसलं नाही.

"बाई, काय झालं आणि कुणी केलं ते आमच्या घरातलं आहे. त्यात मीही आहे. तुम्ही उद्या पहाटे तासाला बसा."

"आणि बंद पडलं तर?"

"तर त्या माणसाला हो म्हणा. मी एका शब्दानं अडवणार नाही."

दोघे भाऊ वर आले तेव्हा ऊन कललं होतं. नवऱ्याच्या अंगावर छापखान्यातला डिंकाचे डाग पडलेला एप्रन तसाच होता. बॅटरी खाली ठेवून तो दगडावर बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. वहिनीनं त्याच्यापुढे पाण्याची बाटली आदळली.

मग काम सुरू झालं. दिरानं परातीएवढी अँटेना उतरवली. वहिनीनं इन्व्हर्टर काढला, अडॅप्टर काढला, धूड पेटीतून उपसून बाहेर ठेवलं. दोऱ्याचा सांधा मात्र कात्रीनं कापावा लागला. इतका पक्का होता, की कापताना तिचं बोट लालबुंद झालं. "निदान बांधलं तरी नीट," ती पुटपुटली. नवऱ्यानं ते ऐकलं असावं, कारण तो पाणी प्यायला लागला.

नव्या बॅटऱ्या, मग कटऑफ, मग थेट रेडिओ. खांबावर जुने दोन्ही रेडिओ परत चढले. आणि तेव्हा वहिनीनं पिशवीतून तिसरा एक छोटा रेडिओ काढला, ऑफिसात शिल्लक पडलेला, निघताना उचललेला.

"हा कशाला?" दिरानं विचारलं.

"वस्तीचे दोन भाग करायचे. टेकाडाकडची घरं जुन्याला, ओढ्याकडची ह्याला. तिघं मिळूनही तुमच्या त्या हत्तीच्या पावपट खाणार नाहीत."

दीर शिडीखाली उभा होता. त्यानं शिडी धरलेलीच होती, पण त्याचा आवाज बदलला.

"हेच मी दोन वर्षं सांगतोय, वहिनी."

"काय सांगताय?"

"संध्याकाळी वस्तीत नेट रांगतं म्हणून. एका रेडिओवर किती घरं टांगली होतीस? रोज मला फोन येतात, तुला नाही येत. तुला घाबरतात लोक. मी सांगायला आलो की तू म्हणायचीस, चालतंय ना? मग कशाला हात लावायचा? हा तिसरा रेडिओ ऑफिसात कधीपासून पडलाय? दोन वर्षांत तुला तो वर चढवावासा नाही वाटला. मी म्हटलं म्हणून नाही वाटला. मग आणलं मी मोठं, तू नव्हतीस तेव्हा. चुकलं. पण मी कशासाठी आणलं, हे कुणी विचारलंच नाही मला. सरडे काय, हत्ती काय."

वहिनी वर बोल्ट आवळत होती. ती आवळतच राहिली. शेवटी आटा गेला आणि बोल्ट पान्यात गरागरा फिरायला लागला.

"दुसरा बोल्ट द्या," ती म्हणाली.

त्यानं दिला. उतरताना धूड त्यानं एकट्यानं डोक्यावर घेतलं, कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीला आपोआप जाग आली. फोन उशाशी होता. ती त्याच्याकडे बघत पडून राहिली. ह्या धंद्यात चांगली बातमी कधी येत नाही. चालू असलं की कुणी फोन करून सांगत नाही, चालू आहे म्हणून. खिडकीत हळूहळू करडं झालं, मग पांढरं. दूधवाल्याची सायकल गेली. डोंगराची कड स्पष्ट झाली, तिच्यावर खांबाची बारीक रेघ. शिकवणीबाईचा पहिला तास संपण्याची वेळ आली आणि गेली. दुसराही गेला असणार. फोन वाजला नाही.

वहिनी उठली. हे सगळं उरकल्यावर राग उतरेल असं तिला वाटलं होतं, पण तो तिथेच होता. फक्त आता त्याला नीट जागा सापडली होती. स्वयंपाकघरात तिनं भांडी अशी काही आपटली, की नवरा दाढी अर्धी टाकून छापखान्यात जायची तयारी करायला लागला.

दीर आला. दारातच उभा राहिला. "आला का फोन?"

"नाही."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि खुर्ची ओढली. वहिनीनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, थोडा बशीत सांडला.

"ते तुमचं धूड दवाखान्याच्या गच्चीवर चढवा. तिथे भिंतीत वीज आहे, माणसंही भरपूर येतात."

"म्हणजे चांगलं आहे ना ते?"

"चांगलं आहे असं मी म्हटलं?"

"बरं." तो चहा फुंकत म्हणाला. "पुढच्या वेळी विचारून आणीन."

इथे मात्र वहिनीनं हातातला चिमटा ओट्यावर फेकला. "‘विचारून आणीन’ म्हणे! काल वर काय म्हणालात? विचारलं की मी नाही म्हणते. खरं आहे ते. म्हणतेच मी नाही. मग तुम्ही काय करता? मान खाली घालून जाता, आणि माझी पाठ वळली की आणून मोकळे होता. दोन वर्षं तुम्ही बरोबर होतात ना? मग भांडला का नाहीत? ओरडायचं होतंत. मी ओरडते तसं ओरडायचं होतंत! धंदा दोघांचा आहे आणि घसा फक्त माझाच दुखतो."

दिरानं कप खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारातून नवरा डोकावला आणि माठाकडे वळला.

"मग ऐक," दीर म्हणाला. पहिल्याच शब्दाला त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "ओढ्याकडचा तो तिसरा तू काल चुकीच्या दिशेला बांधलायस. शेवटच्या तीन घरांना तो दिसणारच नाही. मी खालून बघत होतो."

"काहीतरीच काय! शेवटच्या तिन्ही घरांना दिसतो."

"नाही दिसत! मधे ते चिंचेचं झाड येतं!"

"झाड त्याच्या नजरेच्या खाली राहतं, भाऊजी, डोळे आहेत का तुम्हाला?"

"मला आहेत! चल वर, दाखवतो!"

"चला!"